सहा चौदाचा फोन

"रणखांबे! आत या. शर्ट काढून स्टुलावर बसा."

संघप्रिया शिवशरणने ही हाक मान वर न करताच मारली. तिच्यापुढे कालचे तीन रिपोर्ट पडले होते आणि पंखा नुसता गरम वारा फेकत होता. एप्रिलचं सोलापूर, त्यात सात रस्त्याजवळच्या त्या हृदयरोग रुग्णालयाचा वरचा मजला. मान वर करणंही जिवावर यावं असं ऊन.

चिकटपट्ट्या घेऊन ती वळली आणि थबकली. स्टुलावर एक तरणाबांड माणूस पाठ ताठ करून बसला होता. शर्टाची नीट घडी करून त्याने ती मांडीवर ठेवली होती. नजर भिंतीवरच्या कॅलेंडरला चिकटलेली आणि कानाच्या पाळ्या लालभडक.

तिने फॉर्म पाहिला. "तुमचं वय... त्रेसष्ट?"

"माझं? एकोणतीस."

"मग पेशंट कुठंयत?"

"बाबा होय? ते पाणी प्यायला गेलेत की."

"मग तुम्ही शर्ट कशाला काढला?"

"तुम्ही काढा म्हणालात..."

संघप्रियाने रागवायला तोंड उघडलं आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. दाबू म्हटलं तर दाबेना. तो बिचारा घाईघाईने बटणं लावू लागला, एक बटण चुकलं आणि शर्टाची एक बाजू वर गेली ती गेलीच. तेवढ्यात वडील आत आले आणि पोराच्या अवताराकडे बघून म्हणाले, "तुला काय झालं रं यशपाल?"

वडिलांचं नाव यशवंत. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अंगाने सडसडीत, मिशीला पीळ, पण महिन्याभरात तीनदा त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार आला होता आणि एकदा तर ते अंगणात कोसळले होते. डॉक्टर महेश्वरी मॅडमना संशय होता, की यांचं हृदय मध्येच काही क्षण थांबतं. म्हणून छातीला वायरी आणि कमरेला काडेपेटीएवढं मशीन बांधून त्यांना घरी पाठवायचं ठरलं होतं. त्या मशीनला होल्टर म्हणतात. चोवीस तासांतला एकेक ठोका ते टिपून ठेवतं. ठोके मध्येच थांबलेले दिसले तर पेसमेकर बसवायचा, नाही दिसले तर गोळ्या देऊन घरी. यशवंतरावांचं सगळं या चोवीस तासांवर होतं.

"आंघोळ करायची नाही," संघप्रियाने नेहमीची टकळी सुरू केली. "बाकी रोज जे करता तेच करायचं. काय केलं, किती वाजता केलं, त्रास कधी झाला, ते या कागदावर लिहायचं. पट्टी निघाली तर या जादा पट्ट्या. आणि मशीन उद्या सकाळी दहापर्यंत चालू पाहिजे. एक मिनिटही बंद पडायला नको."

"एक मिनिटही नाही?" यशपालने विचारलं.

"एक मिनिटही नाही."

त्याने मान डोलावली, ती इतक्या गंभीरपणे की जणू देशाची सीमाच त्याच्या हवाली केली होती. चिंचोळी एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, हे तिला फॉर्मवरून कळलं. डोळे फार प्रामाणिक आहेत, हे फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. ते तिचं तिलाच कळलं.

संध्याकाळी सगळ्या होल्टरवाल्यांना एकेक फोन करायचा, दिवा लागतोय का विचारायचं आणि दोन मिनिटांत ठेवायचा, असा तिचा रिवाज. रणखांबेंचा नंबर तिने शेवटी ठेवला. का, ते विचारू नये.

"हॅलो, हॉस्पिटलमधून संघप्रिया बोलतेय. मशीनचा हिरवा दिवा लागतोय ना?"

"लागतोय की... दर दहा मिनिटाला बघतोय, मॅडम."

"दर दहा मिनिटाला? रात्री झोपा हो थोडं."

"झोपेल की मशीन. म्हणजे... मी झोपेन. मशीन नाही."

ती हसली. "आणि बाबा?"

"मजेत आहेत एकदम."

आता फोन ठेवायचा. पण तोंड कुठे ऐकतंय! "शर्टाची बटणं नीट लागली का मग?"

पलीकडून हळूच आवाज आला, "तुमच्या लक्षात आहे ते?"

"कामातलं सगळं लक्षात ठेवावं लागतं आम्हाला."

"हे कामात येतंय होय?"

तिने बोलणं उन्हावर नेलं. ती जुळे सोलापूरला राहते आणि स्कूटीची सीट संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते, हेही त्याला सांगून झालं. फोन ठेवला तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी मशीन परत आलं आणि दुपारी तिने नोंद कॉम्प्युटरवर उघडली. यशवंतरावांचे ठोके तिला ओळखीचे झाले होते. रुंद, सावकाश, दमल्यासारखे. सकाळपासून पाचपर्यंत तसेच. पाच वाजून दहा मिनिटांनी मात्र ठोके एकदम बदलले. अरुंद, टोकदार, तरणे. आठ वीसला पुन्हा रुंद.

वायर हलली असेल? पण वायर हलली म्हणून माणूस तीस वर्षांनी लहान होत नाही. हे हृदय दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

ती पुढे बघत गेली. पावणेसहाला वेग चढून मिनिटाला एकशे बारा झाला, मग उतरला. आणि सहा चौदाला तो पंच्याहत्तरवरून वर निघाला तो थेट एकशे एकतीस! चार मिनिटं तसाच. सहा चौदाला काय झालं असेल... तिने सहज मोबाइल काढून कालचे कॉल पाहिले आणि खोलीत कुणी नसतानाही चोरी पकडल्यासारखं चटकन इकडेतिकडे पाहिलं. गाल तापले. ऊन तर होतंच म्हणा.

पण दुसऱ्याच क्षणी ती भानावर आली. तीन तास दहा मिनिटं यशवंतरावांची नोंदच नव्हती. हाच रिपोर्ट 'सर्व ठीक' म्हणून गेला असता तर? तिचे स्वतःचे वडील असेच 'जरा चक्कर येते, बाकी काही नाही' म्हणत म्हणत एका सकाळी गेले होते. ती तडक उठली आणि महेश्वरी मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

तासाभरात बापलेक समोर उभे होते.

"काल पाच दहा ते आठ वीस मशीन कुणाच्या अंगावर होतं?" संघप्रियाने विचारलं.

"माझ्या," यशपाल लगेच म्हणाला. त्याला खोटं बोलायचं सुचलंसुद्धा नाही.

"का?"

"बाबा जयंतीच्या मिरवणुकीसाठी पोरांना लेझीम शिकवतात. तिथं धक्क्यानं वायरी निघतील म्हणून ते मशीन काढायला लागले. पण तुम्ही म्हणालात, एक मिनिटही बंद नको. आमच्या कंपनीत एक माणूस उठला की त्याच्या जागी दुसरा बसतो. लाइन थांबत नाही. म्हणून मग... मी घातलं."

महेश्वरी मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. संघप्रियाचा मात्र तोल गेला.

"ही काय पाइपांची लाइन आहे? त्यांचं हृदय आहे ते! त्याच्या जागी तुमचं कसं चालेल? एवढी साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला?"

मॅडमनी यशवंतरावांकडे पाहिलं. "खरं सांगा काका. लेझीम खेळताना काय झालं काल?"

"काय न्हाय... जरा डोळ्याम्होरं अंधार आला. खाली बसलो. पोरास्नी वाटलं, मी पायताण नीट करतूय." मग खालच्या आवाजात म्हणाले, "ह्येला न्हाय सांगितलं. उगं घाबरतंय पोरगं."

ज्या क्षणासाठी मशीन बांधलं होतं, नेमका तोच हातचा निसटला होता. यशपालचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून संघप्रियाला वाटलं, आपण जास्तच बोललो, पण बोललेले शब्द काही परत घेता येत नाहीत.

"उद्या पुन्हा मशीन," मॅडम म्हणाल्या. "लेझीमही खेळायचं, मशीन घालूनच. छातीला वरून पट्टा बांधू, वायरी हलणार नाहीत. मात्र थोडंच खेळायचं आणि मुलगा हाताच्या अंतरावर उभा राहील. आणि यशपाल, कालच्या त्या तीन तासांत तुम्ही काय काय केलं, ते वेळ घालून खरं खरं लिहून द्या. कुठली नोंद कुणाची, ते फाइलमध्ये स्पष्ट पाहिजे."

तो बाहेरच्या बाकावर बसून लिहीत राहिला. कागद तिच्या हातात दिला, तिच्याकडे न बघता जिना उतरून गेला. तिने कागद उलगडला.

५.१० – मशीन मी घातलं. बाबा तालमीला गेले.
५.४५ – नळाला पाणी आलं. बारा हंडे वर नेले.
६.१४ – मॅडमचा फोन. धडधड सुरू. कारण माहीत आहे.
६.१८ – फोन संपला. धडधड चालूच.
७.०० – अजून थोडी आहे.
८.२० – बाबा आले. मशीन त्यांना घातलं.
मॅडमनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. चूक माझी आहे. त्यांना कुणी बोलू नये.

तिने तो कागद चारदा वाचला. बारा हंडे जिना चढवून एकशे बारा आणि तिच्या आवाजाने एकशे एकतीस! हसावं की रडावं तिला कळेना. खरंतर नीट समजावून तिने कुठे सांगितलं होतं? 'मशीन बंद नको' म्हणाली होती, 'काढू नका' म्हणालीच नव्हती. तिने दुसऱ्या एका कागदावर फक्त वेळा उतरवून घेतल्या आणि तो फाइलला लावला.

पुढचे दोन दिवस यशपाल वडिलांना दारापर्यंत सोडायचा आणि बाहेरच थांबायचा. तिच्या संध्याकाळच्या फोनला "होय मॅडम", "नाही मॅडम" एवढंच. तिला ते फार लागलं. आपण इतकं तोडून बोलायला नको होतं, असं शंभरदा मनात आलं, पण फोनवर ओठ उघडले की दिव्याचंच विचारलं जायचं.

दुसरी नोंद आली. संध्याकाळी सहा बावन्न. रुंद ठोक्यांची रांग चालली होती आणि मध्येच... सपाट रेघ. साडेचार सेकंद. मग धडपडत एक ठोका, मागून दुसरा. शेजारी कागदावर यशपालचं अक्षर होतं: 'लेझीम थांबलं. बाबांना अंधारी. मी धरलं.'

संघप्रिया धावतच मॅडमकडे गेली. संध्याकाळी यशवंतराव दाखल झाले आणि सकाळी पेसमेकर बसवायचं ठरलं.

सकाळी अकरा वाजता, जिथे पेसमेकर बसवतात त्या कॅथलॅबच्या दारावर लाल दिवा लागला. बाहेर बाकावर यशपाल एकटाच, दोन्ही तळवे घट्ट जुळवून. संघप्रिया चहाचे दोन कप घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"तासाभराचं काम असतं," ती म्हणाली. "मॅडमचा हात फार चांगला आहे."

"होय मॅडम."

"मी त्या दिवशी फार बोलले तुम्हाला. आणि चूक माझीही होती. मशीन अंगावरून काढू नका, हे मी सांगितलंच नव्हतं."

"तुम्ही बोललात ते बरोबरच होतं." त्याने कप हातात धरला, चहा प्यायला मात्र नाही. "आई गेल्यापासून बाबाच आहेत मला. त्या तीन तासांत त्यांना काही झालं असतं तर..."

"झालं नाही ना?" ती हळूच म्हणाली. "परवा धरलंत की तुम्ही त्यांना."

त्याने कप बाकावर ठेवला आणि विचारलं, "तो कागद... फाइलला लावला?"

"नाही."

"मग कुठंय?"

"माझ्या पर्समध्ये."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "ते... डॉक्टर मॅडमनी खरं लिहा म्हणलं म्हणून..."

"खरं आहे ना पण?"

"होय."

"अजूनही?"

"आत्ता तर जास्तच आहे," तो म्हणाला. "मला आडून-आडून बोलता येत नाही. मला तुम्ही आवडता, लई आवडता. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा. बाबांच्या तपासणीला मी बाहेरच थांबत जाईन."

संघप्रियाने खाली पाहिलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सगळ्या पेशंटना मी फोन करते. दोन मिनिटांत ठेवते. तुमच्याशी चार मिनिटं बोलले... आणि नंतर घरी जाऊन भाकरी करपवली."

तो हसला. तेवढ्यात दिवा विझला आणि दार उघडलं. महेश्वरी मॅडम टोपी काढत बाहेर आल्या. "छान झालं. ठोके एकदम व्यवस्थित आहेत."

यशपालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. संघप्रियाने काही विचार न करता त्याचा हात हातात घेतला आणि स्ट्रेचर बाहेर आलं तरी तो सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. यशवंतरावांच्या मात्र बरोबर लक्षात आलं. भुलीचं औषध फक्त खांद्याला दिलं होतं, डोळे चांगले टक्क उघडे होते.

"पोरी," त्यांनी विचारलं, "कुटं राहतीस तू? घरी कोण कोण हाय?"

"काका, बोलू नका आता," मॅडम म्हणाल्या.

"जुळे सोलापूरला," संघप्रिया म्हणाली. हात तिने अजून सोडला नव्हता. "आई असते घरी. केसरबाई नाव आहे तिचं."

"आन् सुट्टी कवा असती तुला?"

तिने एकदा यशपालकडे पाहिलं.

"रविवारी असते," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही चालायला-फिरायला लागाल. अकरानंतर या तुम्ही दोघं. मी आईला आज सांगून ठेवते."