आहेराची मतं

झोपताना शलाकाच्या नावापुढे तीनशे चाळीस मानगुण होते. सकाळी तोंडात ब्रश धरून तिनं पडद्यावर पाहिलं, तर चाळीस. मग तीनशे गेले कुठे? उंदरानं कुरतडायला ते काही दाणे नव्हते, आणि सांडायला पाणीही नव्हते. तिची उत्तरं जागच्या जागी होती. त्यांच्याखालची मतं मात्र शिशिरातल्या सावरीसारखी झडून गेली होती.

आता हे मानगुण म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. गावात झाडाखाली पार असतो. तिथं कोणी विचारतं, कोणी सांगतं, बाकीचे माना डोलावतात. शलाकाच्या काळात असाच एक 'पार' साऱ्या महाराष्ट्राचा मिळून होता, फक्त त्याला झाड नव्हतं. तो पडद्यावर भरायचा. कोणीही प्रश्न टाकावा, ज्याला ठाऊक त्यानं उत्तर द्यावं. वाचणाऱ्याला उत्तर उपयोगी वाटलं तर त्यानं चढतं मत द्यायचं, चुकीचं वाटलं तर उतरतं. चढती मतं मिळतील तसं उत्तर वर सरकतं, आणि उत्तर देणाऱ्याला दर मतामागे दहा मानगुण (तुमच्या शब्दावर लोकांनी आजवर किती भरवसा ठेवला, त्याचा आकडा) मिळतात.

शलाका शेलार राहायची मोरदरीत, जावळीच्या डोंगरकुशीत. तिथं गच्चीगच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि पेट्यांच्या देखरेखीला गावच्या मधसंस्थेनं घरटी एक यंत्रभुंगा दिला होता. शलाकाचा भुंगा अंगठ्याएवढा. पेटीत शिरून आतली गरमी मोजायचा, बाहेर येऊन पाण्याच्या पिंपावर बसायचा आणि विचारलं तर बोलायचा. न विचारताही बोलायचा.

"चोरी झालीय," शलाकानं त्याला सांगितलं.

भुंग्यानं पारावरची सूचना वाचून दाखवली. चोरी नव्हती. शलाका आणि साताऱ्याचा तिचा मावसभाऊ यशोधन यांनी एकमेकांना दिलेली मतं पारानं मागे घेतली होती.

शलाकाला हे पटेना. यशोधननं मत दिलं की आपण द्यायचं, ही तर रीतच झाली. लग्नात आई तेच करते. ज्यांनी आपल्याला साडी नेसवली, त्यांच्या कार्यात आपणही न्यायची. आहेर घेऊन गप्प बसणारा माणूस कोणाला आवडतो?

"आहेर माणसाला असतो," भुंगा म्हणाला. "मत उत्तराला असतं. तू त्याची उत्तरं वाचायचीस का?"

यशोधनची उत्तरं लांबलचक असत, आणि शलाका त्यांची लांबी बघूनच मत देऊन मोकळी होई.

"पारावर हजारो माणसं येतात," भुंगा सांगू लागला. "त्यांची एकमेकांशी ओळख नाही. कोणाचं ऐकावं हे त्यांना मानगुणांवरून कळतं. तुझे तीनशे चाळीस बघून कोणी म्हणेल, या मुलीला खूप जणांनी पारखलंय. खरं तर पारखलं होतं फक्त चौघांनी. उरलेली मतं यशोधनची. चौघांचे चाळीस तुझे तुला ठेवलेत."

एवढ्यावर गोष्ट संपली असती आणि शलाका रुसून शाळेला गेली असती. पण रविवार होता, आणि पारावर एक नवा प्रश्न आला होता.

विचारणाऱ्या होत्या सुरगाण्याच्या नलूताई गावित. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या पेटीतल्या माश्या कालपासून बाहेर येऊन दारावर दाढीसारख्या लोंबतायत. त्या उडून जाणार का? त्यांची ही एकुलती एक पेटी होती.

सगळ्यांत वर काकडेसरांचं उत्तर होतं: माश्या पळायच्या बेतात आहेत, दाराला बारीक जाळी ठोका आणि तीन दिवस कोंडून ठेवा. त्याला भरपूर चढती मतं पडली होती आणि काकडेसरांचे मानगुण होते नऊ हजार. नलूताईंनी खाली लिहिलं होतं, "बाजारातून जाळी आणायला निघाले. दुपारी ठोकते."

मागच्याच उन्हाळ्यात शलाकाच्या माश्यांनीही असंच केलं होतं, आणि भुंग्यानं आत शिरून कारण शोधलं होतं. पेटीत उकाडा झाला की अर्ध्या माश्या दाटी कमी करायला दाराबाहेर येऊन बसतात आणि बाकीच्या पंखांनी आत वारा घालतात. माणसं उन्हाळ्यात अंगणात खाट टाकतात, तसंच हे. अशा वेळी दार कोंडलं तर आतलं मेण मऊ पडून पोळी ढासळतात आणि माश्या उकडून मरतात.

तिनं भराभर उत्तर लिहिलं: जाळी नको, सावली करा, जवळ पाणी ठेवा, झाकणावर ओलं पोतं टाका. नलूताईंचं उत्तर लगेच आलं.

"तुझे चाळीस, त्यांचे नऊ हजार. कोणाचं ऐकू, बाई?"

त्यांचं तरी काय चुकलं? ओळख नसताना आकडाच बघायचा असतो. शलाकाला काल मिरवायला हवे होते ते मानगुण आज एका पेटीच्या जिवासाठी हवे होते, आणि आजच ते नव्हते.

"पण काकडेसरांना नऊ हजार मिळाले तरी कसे?" तिनं चिडून विचारलं.

भुंग्यानं शोधलं. जवळजवळ सगळे पाण्याच्या पंपांवरच्या उत्तरांना मिळाले होते. पंपातला माणूस, पण मानगुणांवर विषय लिहिलेला नसतो. शिवाय त्यांचं उत्तर सर्वांत आधी आलं होतं. आधी आलेल्याला आधी मतं पडतात, मतं दिसली की आणखी पडतात.

"म्हणजे वरचं उत्तर खरं नसतं?"

"बहुतेक वेळा असतं. म्हणून तर पार चालतो. पण 'बहुतेक' म्हणजे 'नेहमी' नव्हे."

मग शलाकानं काकडेसरांच्या उत्तराला उतरतं मत द्यायला बोट टेकवलं. जमेना. उतरत्या मताला सव्वाशे मानगुण लागतात, शिवाय ते देताना आपलाही एक जातो, म्हणजे कोणी रागाच्या भरात दगड भिरकावल्यासारखी मतं फेकत नाही. दुसऱ्याच्या उत्तराखाली टिप्पणी (त्या उत्तराबद्दलचे दोन शब्द) लिहावी, तर त्याला पन्नास लागतात. नव्या माणसानं आधी थोडा भरवसा कमवावा, मग दुसऱ्याच्या अंगणात बोलावं, असा पाराचा नियम.

पन्नासला दहा कमी होते. म्हणजे एकच मत.

तिनं भुंग्याला मत मागितलं. तो म्हणाला, यंत्रांना पारावर बसायला जागा आहे, मत नाही. तिनं यशोधनला फोन लावला. पारानं त्याचं मत तिच्यासाठी काही दिवस बंदच केलं होतं, पण तो हुशार होता. "वर्गातल्या कुणालाही सांगतो. वाचायचीही गरज नाही, नुसतं बोट लावायचं. आणि या वेळी तर तू बरोबर आहेस ना?"

बरोबर तर ती होतीच. तिकडे जाळी दारावर ठोकली जाणार होती. शलाका 'हो' म्हणणारच होती.

भुंगा पिंपावरून उडून फोनवरच येऊन बसला. "माश्यांना नवं घर शोधायचं असतं तेव्हा काय करतात, ठाऊक आहे? शोधक माशी येऊन नाचते. नाचातून सांगते, अमक्या दिशेला, इतक्या लांब चांगली ढोली आहे. बाकीच्या शोधक माश्या तिच्यावर नुसता विश्वास ठेवून नाचत नाहीत. एकेक जण स्वतः जाऊन ढोली बघून येते. पसंत पडली तरच नाचते. म्हणून हजारो माश्यांचं घर सहसा चुकत नाही. न बघता नाचल्या असत्या, तर पहिल्या माशीची चूक साऱ्यांना भोवली असती."

शलाकाच्या डोक्यात लख्ख झालं. काकडेसरांच्या उत्तराला मतं देणारे सगळे न बघता नाचले होते, आणि यशोधनच्या वर्गातला मुलगाही न बघताच नाचणार होता.

"मग मला बघून नाचणारं कोणीतरी हवं," ती म्हणाली. "आत्ता, उन्हात ठेवलेली पेटी असलेलं."

तशी पेटी समोरच्याच गच्चीवर होती. कादंबरी जंगमची. आणि कादंबरीनं पंधरवडाभर शलाकाशी अबोला धरला होता. पोळ्यातलं मेण खाणाऱ्या मेणकिड्याच्या प्रश्नावर तिनं शोधून शोधून उत्तर लिहिलं होतं, आणि वर गेलं होतं यशोधनचं. कारण त्याला शलाकाचा आहेर पोचला होता.

भुंग्याला घेऊन शलाका जिना उतरली, समोरचा जिना चढली. तिला बघून कादंबरी म्हणाली, "आता इकडेही आहेर मागायला आलीस?"

"मत नको देऊस," शलाका म्हणाली. "फक्त एक पोतं भिजवून दे. आणि तुझ्या माश्या काय करतात ते बघ. मी चुकले असेन तर तसं लिही."

कादंबरीच्या पेटीच्या दारावरही दाढी लोंबत होती. तिनं पोतं बादलीत बुचकळलं, पिळलं, झाकणावर टाकलं. दोघींनी चादर ताणून सावली केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दाढीचं टोक हललं. एक माशी आत गेली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता दाढी विरत विरत मिशीएवढी उरली.

कादंबरीनं शलाकाचं उत्तर उघडलं. आधी पूर्ण वाचलं. मग चढतं मत दिलं आणि खाली लिहिलं, "माझ्या पेटीवर आत्ता करून पाहिलं. माश्या आत गेल्या."

पन्नास.

शलाकानं काकडेसरांच्या उत्तराखाली लिहिलं, "सर, तुम्ही हे करून पाहिलंय का? आम्ही दोघींनी पाहिलंय. दार कोंडलं तर माश्या उकडून मरतील." सोबत भुंग्यानं मोजलेली गरमी आणि त्यानंच टिपलेली विरणाऱ्या दाढीची चित्रफीत जोडली.

मग दोघी पडद्याकडे बघत बसल्या. कादंबरीनं नख कुरतडलं. शेवटी काकडेसर बोलले.

"पंपाचं मला कळतं. माश्यांचं ऐकीव होतं. उत्तर काढून घेतो. नलूताई, या मुलीचं ऐका."

उत्तर गेलं तशी त्यावर मिळालेले त्यांचे मानगुणही गेले. "हा खरा नऊ हजारांचा माणूस," भुंगा म्हणाला.

नलूताईंकडून मात्र काहीच येईना. दुपार कलली, तेव्हा त्यांनी पेटीचा फोटो टाकला. दाराला जाळीचा एक खिळा ठोकलेला होता, दुसरा ठोकायचा राहिला होता. झाकणावर ओलं पोतं होतं. शलाकाच्या उत्तराशेजारी त्यांनी स्वीकाराची खूण (प्रश्न विचारणाऱ्यानं 'याचा मला उपयोग झाला' म्हणून करायची) केली होती आणि दोन ओळी लिहिल्या होत्या:

*घरात लागं झळ, माशी बसली दारात,*
*ओलं पोतं पांघरलं, मग गेली ती घरात.*

कादंबरीनं त्या दोनदा वाचल्या. शलाका मानगुण बघायला गेलीच नाही. तिनं कादंबरीचं पंधरवड्यापूर्वीचं मेणकिड्यांवरचं उत्तर शोधून काढलं होतं, इतके दिवस यशोधनच्या उत्तराखाली दबलेलं.

"आता लगेच मत देऊ नकोस," कादंबरी म्हणाली. "आहेराची परतफेड वाटेल."

"देत नाहीये. वाचतेय." शलाका जागची उठली. "तू लिहिलंयस, पेटीतल्या जुन्या चौकटीच्या कोपऱ्यात मेणकिड्यांचं जाळं दिसतं. आमच्याकडे एक जुनी चौकट आहे. चल, बघूया."

दोघी जिना उतरल्या. भुंगा त्यांच्यापुढे उडत गेला.