ओघळीच्या तोंडाशी निळे गोल

निमोण्यात हौशीराम आबांच्या रानाच्या खालच्या टोकाला आंब्याचं एक रोप आहे, भोवती काट्यांचं कुंपण. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी वच्छलाबाई गेल्या, तेव्हा आबांनी राख नदीत सोडली नाही. दोन हात लांब, हातभर रुंद, गुडघाभर खोल खड्डा घेतला, राख मातीत घातली आणि वर रोप लावलं.

आता ओढ्याकडून एक ओघळ त्या रोपाकडे सरकत होती. गेल्या वर्षी वीस पावलांवर होती, यंदा नऊ.

कृषी महाविद्यालयाची विद्यार्थिनी सृष्टी दौंडहून मोजणीला आली आणि आबांना हुरूप आला. ती दर महिन्याला काठीला कॅमेरा लावून ओघळीचे दोनशे फोटो काढायची. कॉम्प्युटर ते जोडून जमिनीचा उंचसखल नकाशा करायचा. मागच्या नकाशाशी ताडला की माती गेली तिथं लाल रंग, साठली तिथं निळा. नकाशा यायचा त्या दिवशी आबा सकाळपासून बांधावर उभे असायचे.

ऑगस्टच्या नकाशात ओघळीच्या तोंडाशी सात निळे गोल उमटले. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

"आबा, तुम्ही माती टाकली का इथं?"

"न्हाई गं."

जागेवर जाऊन पाहिलं तर कुठंच ढीग नव्हता. मोजणीसाठी जमिनीत ठोकलेले खुणेचे खिळे सृष्टीनं टेपनं तपासले. हलले नव्हते. परत फोटो काढले. परत सातच.

गोलाची रुंदी दीड फूट निघाली. आबा पळतच छपरातून घमेलं घेऊन आले आणि जमिनीवर पालथं घातलं. बरोबर तेवढंच.  वाहून गेलेली माती वच्छलाबाई दर उन्हाळ्यात ओढ्यातून घमेल्यानं वर आणायच्या. म्हातारी ओढा उलटा फिरवतीय, म्हणून लोक हसायचे.

सप्टेंबरात एकतीस गोल झाले. ओघळ नऊ पावलांवरच थांबली होती. आबांनी भेटेल त्याला थांबवून सांगितलं. सृष्टी मात्र म्हणाली, ओढ्यातली माती कमी झालेली नाही, मग ही येते कुठून? पुढच्या वेळी तिनं रोपापर्यंतचं सगळं रान फोटोत घेतलं. आधीच्या महिन्यांच्या फोटोंतही मागं ते रान दिसत होतं, तेही तिथवर जोडून पाहिले.

ऑक्टोबरात तिनं लॅपटॉप उघडून नकाशा पाहिला. मग स्क्रीन आबांकडे वळवली.

कुंपणाच्या बाहेर, वच्छलाबाईंच्या खड्ड्याशेजारी, लाल चौकोन होता. दोन हात लांब, हातभर रुंद. कडा कुदळीनं धरल्यासारख्या सरळ.

आबांनी मान वर केली. तिथं गवत उभं होतं.

"किती खोल गेलाय?"

"अठ्ठावीस सेंटिमीटर. मागच्या महिन्यात चौदा होता."

आबांनी स्वतःच्या गुडघ्यापर्यंत वीत लावून पाहिली. तोंड उजळलं.

"म्हंजी माझी जागा तयार व्हायला दोन म्हैनं लागतील अजून."

सृष्टीनं लॅपटॉप मिटला.

वच्छलाबाईंची शेळी चरत चरत कुंपणाकडे आली. सपाट गवताच्या कडेला थबकली, मान खाली घालून आत डोकावली, आणि वळसा घालून पलीकडे गेली.