डावीकडे वळूया

बडबड हाच माझा धंदा. गेली सात वर्षं मी परगावच्या लोकांना शहराचा जुना मध्यभाग पायी फिरवून दाखवते. घड्याळाचा मनोरा, टपाल कचेरी, काचेच्या छताचा बाजार, खांबांची बँक. दहाला निघायचं, साडेबाराला सुटायचं. रहदारीत घसा फाटू नये म्हणून माझ्या कॉलरला छोटा माईक असतो आणि प्रत्येकाच्या कानात एक यंत्र. त्यातून फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. नवरे मंडळींना याची सवय असतेच, असा माझा एक ठरलेला विनोद आहे.

परवा पहिल्यांदाच आई आली. "रस्त्यातून बडबडत हिंडायची कसली गं नोकरी?" असं सात वर्षं म्हणणारी आई. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडायला तयारच नसते. त्यात दोन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना रस्ता चुकली. चार तास सापडत नव्हती. म्हणून दादाने फोनवर बजावलं, "नेतेस तर ने, पण तिचा हात सोडू नकोस."

"नाही सोडणार रे बाबा," मी म्हटलं. मला सर्दी झाली होती, घसा पार बसला होता.

हात मी मनोऱ्यापाशीच सोडला. अकरा पाहुणे समोर, हातवारे करून बोलायचं, तिला धरून कसं चालणार? ती सगळ्यांच्या मागे होती, खुशीत होती. माझी आई आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. उगाच सगळे तिच्याकडे बघत बसले असते.

टपाल कचेरीसमोर मी तिथल्या घड्याळाचा किस्सा सांगितला. ते तीन दिवस बंद पडलं तरी कुणाला पत्ता नाही, कारण टपाल तसंही उशिराच यायचं. इथे हमखास हशा पिकतो. पण कुणी हसलं नाही. म्हटलं, असतात एकेक ठोंबे. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तेवढ्यात सगळे एकदम हसले.

मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी डावीकडे वळल्या, वर. तिथे चार मजली कोरी भिंत आहे. खिडकी नाही, नक्षी नाही, साधी पाटीसुद्धा नाही.

"काय झालं?" पुढे उभ्या असलेल्या निवृत्त मास्तरांना मी विचारलं.

"छान सांगता हो तुम्ही," भिंतीवरची नजर न काढता ते म्हणाले. "ती खिडकीतली बाई अजून बघतेच आहे खाली."

मी माईक पाहिला. दिवा विझलेला, बॅटरी संपलेली. खरं सांगते, मला हायसंच वाटलं. जवळपास दुसरा कुणी गाईड असेल, त्याचं बोलणं यांच्या कानात घुसलं असेल. होतं असं कधीकधी. मी मास्तरांचं यंत्र मागून घेतलं आणि कानाला लावलं.

माझाच आवाज होता.

सर्दीचा नव्हे. स्वच्छ, मोकळा, इतका गोड आवाज सात वर्षांत माझा कधी लागला नाही. "आता डावीकडे वळूया," तो म्हणत होता. "सावकाश. आई, पायरी आहे हं. हात दे."

मी मागे पाहिलं. आई नव्हती.

कचेरी आणि ती भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. पुढे बंद. कचऱ्याचे डबे ठेवतात, बाकी काही नाही. आई त्यात शिरली होती. डावा हात किंचित पुढे, बोटं मिटलेली, कुणी हात धरून नेतंय तशी.

पायरी चढावी तसा तिने पाय उचलला. तिथे पायरी नव्हती.

पाय खाली आला नाही. वीतभर वरच टेकला. मग दुसराही.

"आई!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. घशात काहीतरी टचकन तुटलं.

मी उजवा दंड धरून तिला मागे ओढलं. ती माझ्या अंगावर कोसळली. भर उन्हात तिचा डावा हात बर्फासारखा गार होता, आणि त्यावर चार बोटांचे पांढरे वळ.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डावीकडे. पुन्हा माझ्याकडे.

"तू इथे," ती म्हणाली, "मग ही कोण?"

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस अवाक्षर काढायचं नाही. काढायचं म्हटलं तरी निघत नाही. बाराही यंत्रं मी स्वतः बंद करून ऑफिसच्या कपाटात ठेवली आहेत.

आज दुपारी आई तिच्या खोलीत एकटीच हसली. कानात काही नव्हतं. "बडबडे, सुटला वाटतं घसा तुझा!" ती कौतुकाने म्हणाली. मी धावत गेले, तर ती भिंतीकडे बघत होती आणि पायांत चपला होत्या.

तेव्हापासून तिला धरून पलंगावर बसले आहे. दादा उद्या सकाळी पोचेल. त्याला सांगता येणार नाही म्हणून हे लिहून ठेवतेय. आई शांत आहे, मधूनच मान डोलावते. मला फक्त एवढंच ओरडून सांगायचंय की आई, मी ही, मी इकडे आहे. आवाज फुटत नाही.

तिचा उजवा हात माझ्या हातात आहे, तो मी सोडणार नाही. डावा तिने मघाशीच पुढे केलाय. बोटं मिटली आहेत.