मोहोरबंद कांडी

या, जरा पुढे सरकून बसा. मागे पंख्याच्या आवाजात शब्द हरवतात. राजापूरच्या मथुराबाई हेगिष्टे यांची कथा सांगायची आहे, आणि ती जवळूनच ऐकावी अशी आहे.

त्या काळी माणूस गेला तरी त्याचं मन मागे ठेवता येई. बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर ते उतरवून घेत. लोक तिला चित्तकांडी म्हणत. कांडीतच एक हलकी लिनक्स प्रणाली असे. कुठल्याही जुनाट लॅपटॉपला कांडी लावली, की त्याच्या डिस्कला हातही न लावता प्रणाली थेट मेमरीत उभी राही आणि गेलेला माणूस पडद्यावरून बोलू लागे. मेमरी मात्र पाटीसारखी. लॅपटॉप बंद झाला, की पाटी कोरी. म्हणून बैठकीतल्या नव्या आठवणी जपायला कांडीत एक कोपरा मोकळा सोडत.

गोविंदबुवांच्या कांडीत तो कोपराच नव्हता.

मथुराबाईंचे यजमान गोविंदबुवा हे कीर्तनकार, आणि मुलगा अनंत त्यांच्यामागे झांज घेऊन उभा राहायचा. एका उत्सवात बुवांचा घसा बसला, म्हणून उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, अनंताने केला, आणि आजोबांपासून चालत आलेल्या आख्यानाचा शेवटच बदलला. बुवांनी त्याला देवळातूनच घराबाहेरची वाट दाखवली. आठवड्याने मन उतरवून देताना बजावलं, "कांडीला मोहोर लावा. माझ्या आख्यानातली मात्राही कुणी हलवता कामा नये." शिष्यांनी माना डोलावल्या. मथुराबाईंनी वारस म्हणून अंगठा दिला. गुरुमुखातलं जसंच्या तसं राहावं, यात त्या माउलीला वावगं काय दिसणार?

पुढे बुवा गेले, अनंत परत आला. दर एकादशीला मथुराबाई देवळात लॅपटॉप मांडत, आणि कांडी लागली की बुवांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तो कार्टा दारात नाही ना आला?"

मग मथुराबाई समजूत घालत. बुवा आधी गरजत, मग गप्प होत, आणि शेवटी म्हणत, "बोलव त्याला." बापलेक रडत. लॅपटॉप बंद होई. पुढच्या एकादशीला पुन्हा तो कार्टा.

"आई, मला आता नको," अनंत म्हणाला. "दर पंधरवड्याला हाकलून घ्यायचं वय राहिलं नाही माझं."

"शेवटी जवळ घेतात ना रे?"

"घेतात की. पण बापाने एकदाच घ्यावं आणि ते पुरावं. ते एकदाच मला मिळत नाही."

बाईंना दम लागू लागला होता, आणि बुवा दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत. आपल्यामागे काय, हा घोर घेऊन त्या ही प्रणाली रचणाऱ्या डॉ. शर्वरी नाचणे यांच्याकडे गेल्या.

"अनंताला माफ केलंय, एवढंच आत ठेव गं."

"काकू, मोहोर म्हणजे त्या मनाचा ठसा. सुरू होताना प्रणाली आधी ठसा ताडून बघते. केसाएवढा फरक दिसला तर ती उठतच नाही, म्हणून तर नव्या आठवणींचा कोपराही ठेवला नाही. एक वाक्य घालायला जाऊ, आणि बुवा कायमचे गप्प होतील."

"मग मी बंदच करत नाही तो डबा."

"तुमचा लॅपटॉप जुना. आठवणी साठत जातात, संध्याकाळपर्यंत मेमरी भरते, मग तो आपसूकच बंद पडेल."

"तूच केलंस ना हे? मग तुला उघडता येत नाही?"

शर्वरीने मान खाली घातली. "कुणालाच उघडता येऊ नये, असं मागितलं होतं तुम्ही. म्हणून मलासुद्धा नाही."

पुढच्या एकादशीला मथुराबाईंनी बुवांना मोहोरेचंही सगळं सांगितलं. मग बुवांनी अनंताला पडद्याशेजारी बसवलं आणि देवळात जमलेल्या मंडळींपुढे ते कीर्तनाला उभे राहिले. दुपार कलली, तसे त्यांचे शब्द लांबत चालले. मथुराबाईंनी लॅपटॉपवर हात ठेवला. तो तापला होता.

"मंडळी," बुवा म्हणाले, "हिला आता दम लागतो. ही नसेल तेव्हा मी याला दारातच अडवीन, आणि मला आवरणारं कुणी नसेल. माझं कीर्तन ऐका, पण तेवढं माझं ऐकू नका. हा माझा अनंत. मी विसरणार आहे. तुम्ही याला लक्षात ठेवा."