निळ्या काठाच्या बारा प्लेटा

ही गोष्ट खरी आहे. मामांनी ती मला सांगितली तेव्हा एकदाही मान वर केली नाही. थापा मारणारा माणूस समोरच्याचा चेहरा बघत असतो, आपलं पटतंय का ते. मामा जमिनीकडे बघत होते.

रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची, दोनच्या सुमाराची. वार गुरुवार. जागा मामांचंच दुकान.

मामांचा धंदा जुन्या वस्तूंचा. एके काळी आरसे, कपाटं, नक्षीची भांडी हातोहात जायची. मग हळूहळू सगळं थंडावलं. घरं लहान झाली. तरुण जोडप्यांना हलकं, घडीचं सामान हवं. सोनेरी रेघेची प्लेट मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, म्हणून फुकट दिली तरी नको. दुकानाच्या मधोमध बारा खुर्च्यांचं एक जड टेबल चार वर्षं ठाण मांडून होतं. मामी म्हणायची, आता ह्याला जावई समजून सांभाळा.

अशात एक दिवस बाई आल्या.

शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा नाही, मूलबाळ नाही. घर विकून भाच्याकडे एका खोलीत राहायला निघालेल्या. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा प्लेटा आणि एक खोलगट बाऊल. सगळं पांढरंशुभ्र, काठाला निळी पट्टी. त्यांच्या घरी पूर्वी दीर-जावा मिळून बाराजण एका पंगतीला असायचे म्हणे.

मामांनी एका नजरेत ओळखलं, हे विकलं जाणार नाही. पण बाई उभ्याच राहिल्या. पैशांचं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, माणसं एकत्र बसून जेवतात अशा घरी द्या.

"चांगल्या घरीच देतो," मामा म्हणाले. सवयीनं. दिवसातून चारदा म्हणायचे तसं.

आठ महिने प्लेटा पडून राहिल्या. बाई दर गुरुवारी दुपारी दोनला यायच्या, प्लेटांकडे बघायच्या, काही न विचारता जायच्या. त्या न विचारण्याचाच मामांना जाच होऊ लागला.

मग एक सजावटवाला आला. भिंतीवर चिनीमातीचे तुकडे बसवायचं काम करणारा. त्याला तुकडेच हवे होते, अख्ख्या प्लेटांचा उपयोग नव्हता.

मामांनी मागच्या अंगणात पोतं अंथरलं. हातोडी घेतली. बाऊल शेवटी फोडला.

पुढच्या गुरुवारी बाईंनी रिकामं फडताळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मामांच्या तोंडून निघून गेलं, गेल्या हो बाई, एका घरी गेल्या.

कोणाच्या, बाईंनी विचारलं.

आणि मामा बोलत सुटले. नवराबायको, दोन मुलं, आजी-आजोबा, काका-काकू. भरलेलं घर आहे. धाकटी मुलगी तर त्या बाऊलशिवाय सूपच पीत नाही. पुढच्या गुरुवारी त्यात भर पडली. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी. घरी मामीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. सांगून सांगून त्यांना स्वतःलाच ती माणसं दिसायला लागली होती.

एकदा जाता जाता बाई दारात थांबल्या.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "एखादी फुटली तर वाईट वाटून घेऊ नका. वस्तू वापरायलाच असते."

मामा म्हणतात, त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तरी, सांगतो हं, म्हणाले.

पावसाळा सरता सरता बाईंचा भाचा निरोप घेऊन आला. बाई झोपेत गेल्या. शेवटपर्यंत तुमच्या त्या कुटुंबाबद्दल बोलत होत्या, म्हणाला. फार समाधानी होत्या. त्याने मामांचे आभार मानले.

मामांनी ते घेतले.

पुढचा गुरुवार. मामांनी जेवणासाठी शटर अर्धं खाली ओढलं आणि मागच्या खोलीत डबा उघडला.

दोन वाजले.

बाहेर दुकानात...

ठक.

लाकडावर काहीतरी अलगद ठेवल्यासारखा आवाज.

ठक... ठक...

मामांनी घास तसाच धरून मोजलं. बारा.

बाहेर येऊन पाहिलं. कोणी नाही. शटर होतं तसंच. टेबलही रिकामं.

पण टेबलावर महिनाभराची धूळ होती. आणि त्या धुळीत...

बारा स्वच्छ गोल उमटले होते. प्रत्येक खुर्चीसमोर एक.

मामांनी फडकं घेऊन सगळं टेबल पुसलं. उंदीर असेल, म्हणाले स्वतःशी. उंदीर गोल काढत नाही हे त्यांनाही कळत होतं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी खुर्च्या सरकल्या. एकेक करून, माणसं जेवायला बसताना सरकतात तशा.

मामांची भूक मेली. चेहरा उतरला. मामीने विचारलं तर पित्त झालंय म्हणाले. तिला ते पटलं नाही. चौथ्या गुरुवारी ती स्वतःच डबा घेऊन दुकानात आली आणि हटून बसली.

दोन वाजले.

ठक... ठक... ठक...

मामी ऐकत राहिली. खुर्च्या सरकल्या. आणि मग...

बाईंचा आवाज. मामीने त्यांना दुकानात दोनदा पाहिलं होतं, आवाज ओळखीचा होता. वर्गातल्या लहान मुलाशी बोलावं तसा, मायेचा.

"थांब गं. तुला बाऊलमध्येच देते."

आणि त्यावर एक लहान मुलगी हसली.

चिनीमातीवर चमचा वाजला. टिंग.

मामीचा हात डब्यावरच राहिला. "बाहेर कोण आलंय? ही मुलगी कोणाची?"

बाईंचं येणं एक वेळ समजण्यासारखं होतं.

"अशी कोणी मुलगी नाही," ते म्हणाले. "ती मी बनवलीय."

मग सगळं सांगितलं. पोतं, हातोडी, सजावटवाला. दर गुरुवारी घातलेली भर. बायकोसमोर ते हे सगळं बोलत होते, आणि बाहेर चमचा वाजतच होता. टिंग... टिंग...

मामीने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. तेच मामांना जास्त लागलं.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना सांगा."

मामा बाहेर गेले. टेबलासमोर उभे राहिले. बारा खुर्च्या बाहेर ओढलेल्या, एकीवरही कोणी नाही. रिकाम्या दुकानात, हात जोडून, ते बोलले. बाई, मी खोटं बोललो. प्लेटा मी फोडल्या. असं कुटुंबच नाही. असं घरच नाही.

चमचा थांबला.

रस्त्यावरून एक गाडी गेली.

मग अगदी जवळून, कानाशी...

"मग हे जेवतायत ते कोण?"

आवाजात राग नव्हता. बाई घाबरल्या होत्या.

आणि बाराच्या बारा खुर्च्या एकदम मागे सरकल्या. बसलेले सगळे एकाच वेळी उठून मामांकडे वळावेत तशा.

मामीने मामांना दंडाला धरून मागच्या दाराने बाहेर काढलं.

बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांचा आवाज नंतर एकदाही आला नाही. मामा म्हणतात, मी त्यांच्याकडून ते घर दोनदा काढून घेतलं. एकदा हातोडीने, एकदा तोंडाने. आणि दुसऱ्या वेळी तर मन हलकं करायचं होतं ते माझं.

मी म्हटलं, म्हणजे निदान ते सगळं थांबलं तरी.

मामा म्हणाले, "बाई गेल्या. ती माणसं राहिली."

गुरुवारी दोन वाजता आजही प्लेटा मांडल्या जातात. आजही धुळीत गोल उमटतात. फक्त वाढणारं कोणी नाही. चमचा एकदा वाजतो, मग मुलगी वाट बघत असल्यासारखी गप्प होते.

मध्यंतरी टेबलाला चक्क गिऱ्हाईक आलं होतं. इतक्या वर्षांत पहिलं. त्याने सहज विचारलं, कोणाच्या घरातलं हो हे? मामांना शब्द फुटेना. ज्या माणसाचा सगळा धंदा बोलण्यावर चालला, तो तोंड मिटून उभा राहिला. गिऱ्हाईक निघून गेलं.

त्या जेवणाऱ्या माणसांना तरी निघून जायला सांगा ना, मी म्हटलं. बाईंना खरं सांगितलंत तसं.

मामा जमिनीकडेच बघत होते.

"हाक काय मारू? नावंच ठेवली नव्हती मी."