चार नंबरचा राउटर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मागच्या वर्षीचा बारा नोव्हेंबर, रात्रीचे पावणेदहा. आमचा पंपवाला तलावाकाठच्या खोलीत बसला होता. गोष्ट त्यानेच सांगितलेली. रचून सांगण्याइतकी अक्कल त्याला देवाने दिलेली नाही.

बांधावरून वायफायवाला आला. काम साधं होतं. पलीकडच्या काठावर तीन राउटर, वायर नाही, एकाने दुसऱ्याला हवेतून धरायचं. पाचवा या खोलीवर बसवायचा. मधला चौथा वर्षभरापूर्वी वायफायवाल्याचा धाकटा भाऊ होडीतून आणत होता. होडी सापडली. धाकटा नाही. तेव्हापासून त्यांची आई रात्री दाराला कडी लावत नसे.

"चौथ्यावाचून तुझा पाचवा काय हवा खाणार?" पंपवाल्याने चिडवलं.

"नाहीच लागणार, काका. बॅटरीवर नुसता चालू करून बघतो."

दिवा हिरवा झाला. वायफायवाल्याने मोबाइलवर यादी उघडली. एक, दोन, तीन... चार. पाच.

"जुना नंबर राहिला असेल."

"रेंज दाखवतोय, काका."

मोबाइल त्याने पंपवाल्याच्या हातात दिला आणि राउटर घेऊन पायऱ्या उतरला. "चारच्या काड्या मोजा."

"दोन."

पाय पाण्यात.

"तीन. अरे, मागे फिर."

"सापडेल, सापडेल म्हणून आईला अजून किती फसवू, काका?"

पाणी कमरेला.

"मोजा."

"...चार."

"इथंच आहे. अगदी..."

पुढे काही नाही. पंपवाल्याने टॉर्च मारला. पाण्यावर साधा तरंगही नव्हता. यादीतून चार गेला होता. पाचही.

नंतर पाणबुडे तीन दिवस उतरले. गाळ निघाला, बाकी काही नाही.

पण त्याच रात्री, साडेअकराला, पंपवाला सहा किलोमीटर सायकल मारत त्या दोघा भावांच्या आईला सांगायला गेला. काय सांगायचं, ते वाटेत जुळलं नाही. 'मोजा' म्हणाला, आणि मी मोजत राहिलो... हे कसं सांगायचं?

त्याने दार ढकललं.

आतून कडी होती.

"हळू," आई आतून म्हणाली. "दोघं आत्ताच निजलेत."

पंपवाल्याच्या हातातला मोबाइल उजळला.

चार. पाच.

दोन्हींच्या सगळ्या काड्या भरलेल्या.