उरलेला टाइमआउट

पंच परीक्षेचा लेखी पेपर देऊन मी व्हरांड्यात चप्पल शोधून राहिली होती, तं एक उंच पोट्टा माझ्याच चपलेवर उभा. गळ्यात शिट्टी, डोळे बास्केटबॉलच्या नियमांच्या पुस्तकात.

"पाय उचला," मी म्हणलं.

त्यानं पाय उचलला, नजर नाही. "सातव्याचं काय लिहिलं तुम्ही?"

सातवा प्रश्न असा — दुसऱ्या हाफमधला एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून बोलायचं एक मिनिट, वापरायचा राहिला, मॅच बरोबरीत सुटली. जास्तीच्या पाच मिनिटांत त्या टीमले टाइमआउट किती?

"दोन. एक नवा, एक उरलेला."

"एकच. उरलेला तिथंच मरते."

"काहून मरते? चार वर्षं झाले, मी आमच्या मैदानावर स्कोअर लिहून राहिली. उरलेला चालते."

"तुमच्या मैदानावर चालत असंन. पुस्तकात नाही चालत."

त्यानं पान माझ्यासमोर धरलं. नखं कुरतडलेली होती… म्हणजे भीती त्यालेही होती. मी वाचलं. खरंच एकच होता.

म्हणजे सातवा चुकला. नववीत मास्तरांशी भांडून मी शाळा सोडली, तेव्हापासून क्लबचं स्कोअरचं टेबल हेच माझं घर. बाबानं साफ सांगतलं होतं — पास झाली तं टेबल, नाही तं मौद्याले मावशीकडे शिवणकाम. आता दुपारची प्रात्यक्षिक मॅच तेवढी हातात होती.

"मी मुकुंद," तो म्हणला. "मले वाटलं, रागानं पुस्तकच फाडता का काय."

"तुमचं आहे म्हणून ठेवलं."

दुपारी चिठ्ठ्या निघाल्या. रेफरी मुकुंद, स्कोअरले मी. आणि खेळाले आमचाच क्लब. परीक्षक चंपतराव टेबलामागंच खुर्ची टाकून बसले.

मॅच बरोबरीत सुटली. जास्तीचे पाच मिनिटं लागले. आमचे कोच भैयाजी, त्यांनी पहिल्याच मिनिटाले टाइमआउट घेऊन टाकला. मग चाळीस सेकंद उरले, आम्ही एका पॉइंटनं मागं, आन् ते टेबलाशी धावत आले.

"टाइमआउट दे वं, लतिका."

"तुमचा झाला, भैयाजी."

"मागचा एक उरला ना. नेहमी तं देते तू."

खरंच देत होती. स्कोअरच्या कागदावर उरलेल्या टाइमआउटचा रिकामा चौकोन माझ्याकडेच पाहून राहिला होता. मागून आमच्या वस्तीचे पोट्टे ओरडून राहिले — उरला आहे, उरला आहे.

मुकुंद बॉल काखेत धरून आला. "टेबल, टाइमआउट बाकी आहे?"

मी त्याच्या डोळ्यात पाहिलं. सकाळी पान दाखवणारा पोट्टा आता पापणीसुद्धा हलवत नव्हता. नुसता थांबला… माझ्यासाठी.

"या टेबलावर कोणं बसवलं तुले?" भैयाजी हळूच म्हणले.

त्यांनीच बसवलं होतं. मी रिकाम्या चौकोनावर आडवी रेघ मारली. वाकडी आली.

"बाकी नाही."

शिट्टी वाजली. आम्ही एका पॉइंटनं हरलो. भैयाजींनी बॉलची जाळी खांद्यावर टाकली आन् माझ्याकडे न पाहता गेले.

चंपतराव कागद पाहत म्हणले, "सकाळी दोन लिहिले, आता एक?"

"सकाळी नियम माहीत नव्हता, सर."

"मग कोणं सांगतला?"

"माझ्या चपलेवर उभा होता, त्यानं."

त्याहिले काही समजलं नाही, पण कागदावर सही केली. पास. पलीकडे मुकुंदचे कान लाल झाले.

मी सामान आवरत होती तं तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. "मले… एक मिनिट भेटंल काय?"

"टाइमआउट मागून राहिले?"

"टेबललेच मागावा लागते ना."

मी घड्याळ चालू केलं. "बोला. एकच मिनिट."

दहा सेकंद. वीस. तो शिट्टीची दोरी बोटाले गुंडाळत राहिला…

"पाठ नाही केलं काय?"

"पुस्तक सगळं पाठ आहे. हेच नाही." त्यानं दोरी सोडली. "तुम्ही मले आवडल्या. भांडता तेव्हा तं… जास्तच."

पन्नास सेकंद झाले होते. मी बटन दाबलं.

"काहून थांबवलं?"

"दहा सेकंद उरले तुमचे," मी घड्याळ पिशवीत टाकत म्हणलं. "रविवारी आमच्या मैदानावर या. तिथं उरलेला चालते."